केराबाईच्या फोटोला हार

रामहरीनं अख्खी उमर सांगोल्याकडच्या मेंढरवाल्यांचे फोटो काढण्यात घालवली, ते पण सगळे ब्लॅक अँड व्हाइट. पोरगा डोकं खायचा, बाबा, रंगीत काढा की. रामहरी ऐकतोय कशाला. आता कुठं सोलापुरात हॉल मिळाला, पहिलं प्रदर्शन लागलं. पाहुणे काय म्हणतील याची त्याला पडलीच नव्हती. ज्यांचे फोटो, ती माणसं खूश झाली पाहिजेत, बास. ती तोंड फिरवून गेली तर एवढं उन्हातान्हात फिरला ते मातीत.

सकाळी तो त्यांना आणायला स्टँडवर गेला. मागं हॉलचा शिपाई सोमशेखर एकटाच. त्यानं बघितलं, भिंतभर काळेपांढरे फोटो, मोठ्या फ्रेमा. म्हणजे गेलेली माणसं, दुसरं काय? बिचाऱ्यानं झेंडूचे हार आणून एकेकाला घातले, खाली उदबत्त्या लावल्या.

रामहरीला दारातच वास आला. आत बघितलं तर काय! धडधाकट माणसं हार घालून भिंतीवर, आणि तीच माणसं मागं फेटे सावरत उभी.

सगळ्यांच्या पुढं केराबाई. म्हातारी तोंडाची तिखट, ती फिरली की सगळे फिरणार. ती सरळ आपल्या फोटोपुढं गेली. खांद्यावर कोकरू, कपाळावर ऊन, वर झेंडूचा हार.

"रामहरी, मला कवा मारलंस रं?"

सोमशेखर तत पप करायला लागला. रामहरी म्हणाला, वहिनी, चुकलं, आणि हाराला हात घातला. तिनं त्याला बाजूला सारलं, आपला हार आपणच काढला. शेजारी तिच्या नवऱ्याचा, भिमाचा फोटो होता. तो गेल्या उन्हाळ्यात खरंच वारला होता. रामहरी घाबरून तोही हार काढायला गेला, तर तिनं त्याचं मनगट धरलं.

"त्येचा ऱ्हाऊ दे. घरी हार घालाया आधारकार्डाचा फोटू हाय, त्यात त्यो चोरावानी दिसतोय. हितं माझा माणूस दिसतोय."

तिनं भिमाचा हार सरळ केला, काचेवरची धूळ पदरानं पुसली. प्रदर्शन संपलं की हा फोटो माझ्या घरी आणून लावायचा, असं रामहरीला बजावलं.

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच पुढं घुसले, आपापले हार काढत, एकमेकांना चिडवत, तू मेल्यावर बरा दिसतोस की म्हणत.

केराबाईनं आपला हार पिशवीत कोंबला. कोकराला खायला होईल, म्हणाली.

रामहरी मटकन खुर्चीत बसला आणि सोमशेखरला म्हणाला, आता चहा सांग बाबा, सगळ्यांना.