एकदा बोललो की बोललो

देशाभिमानात नेत्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या अभिमानापायी त्याने आतापर्यंत तीन पक्ष सोडले होते. तिन्ही राजीनाम्यांची भाषणं लिहिली त्याच्या बायकोने. नेता ती आधी वाचायचा नाही. ताजेपणा जातो म्हणे! थेट माइकसमोर कागद उघडायचा आणि गर्जायचा.

बायकोला आयुष्यात एकदा तरी त्या माइकवर स्वतः बोलायचं होतं. "पुढच्या पक्षात नक्की," हे ऐकून तिचे कान किटले होते.

आता चौथा पक्ष, आणि तोही स्वतःचा! घरात नुसती झुंबड. सोफ्यावर झेंडे, फ्रिजवर झेंडे, सासूबाईंच्या काठीलाही एक झेंडा. उपाध्यक्षपदाला कुणी मिळेना, म्हणून बायकोचं नाव घातलं.

"मग आज मी बोलू ना?"

"अगं, आज राहू दे. पुढच्या वेळी बघू."

ती धुसफुसतच कॉम्प्युटरपाशी बसली. वेळ कुठे होता? मागचं भाषण फार गाजलं होतं. तीच फाइल उघडली, पक्षाचं नाव बदललं, देशभक्ती होती तशी ठेवली आणि छापून दिलं. शेवटचं पान बदलायचं साफ राहिलं.

सभागृह खच्चून भरलेलं. मागे भलामोठा फलक: 'एकदा बोललो की बोललो!' नेता असा काही रंगला की विचारू नका.

"देशापुढे पद मला कस्पटासमान! म्हणून मी याच क्षणी सर्व पदांचा आणि पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा देतो!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या. "काय हा त्याग!" नेत्याची मूठ वरच अडकली.

"मी काय वाचलं?" तो पुटपुटला.

"राजीनामा." मंचावर शेजारीच बसलेल्या बायकोला हसू काही केल्या आवरत नव्हतं. "छान वाचलात."

"मागे घेतो!"

तिने नुसतं फलकाकडे बोट दाखवलं.

पक्ष पाऊण तासाचा, आणि अध्यक्ष गेलेला. उपाध्यक्ष उठली. माइक फार उंच होता. नेत्यानेच तो वाकून खाली करून दिला.

"दोनच मिनिटं हं," तो कुजबुजला.

"तुम्ही आता साधे सदस्यही नाही. खाली बसा बघू."

हातात कागद नव्हता. आनंदाने डोकं गरगरत होतं. ती बोलू लागली, आणि पहिल्याच वाक्याला सगळ्यांच्या आधी टाळी पडली ती खाली बसलेल्या नेत्याची.