एकच कार्ड

मेमरी कार्ड निवडायला मी आणि परुळेकर वसईला गेलो, तेव्हा बसमध्ये शेजारी बसूनही आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. मध्ये माझ्या भावाच्या जुन्या एचडी कॅमकॉर्डरची बॅग होती. तिचा पट्टा मी धरला होता, आणि पट्ट्यावर नजर त्यांची.

हर्षवर्धन परुळेकर आमच्या डोक्यावर राहतात, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. मी सोसायटीची सेक्रेटरी आणि ते सोसायटीचे कायमचे विरोधक. इमारत पाडून नवी बांधायची तर ते ठरवणाऱ्या सभेचं चित्रीकरण नियमाने लागतं. मागच्या वेळी ते मी मोबाइलवर करत होते आणि ऐन मतदानात माझ्या नणंदेचा फोन आला. चित्रीकरण तुटलं. परुळेकरांनी तिथल्या तिथे लेखी हरकत दिली आणि सभा बाद झाली. नणंदेला मी अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या मुलीच्या, आर्याच्या पलंगावर छत पडलं. लोक पोपडा म्हणतात, पण तुकडा परातीएवढा होता आणि तो बरोबर उशीवर पडला. पोरगी शाळेत होती म्हणून वाचली. आता झोपायला तिला हॉलमध्ये घेते, पण दहावीचा अभ्यास ती त्याच खोलीत बसून करते. मी पोळ्या लाटत असते आणि माझे कान तिकडे असतात. कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या दारापर्यंत जाऊन येते. पुढच्या पावसाआधी ही इमारत रिकामी व्हायलाच हवी होती, आणि परुळेकरांना हरकत घ्यायला जागाच उरू नये म्हणून कार्ड त्यांच्यासमोर घ्यायचं असं कमिटीने ठरवलं.

फ्लॉईडचं दुकान वसईच्या बाजारात. तो चर्चमधल्या लग्नांचं शूटिंग करतो, त्यामुळे जुने कॅमेरे त्याला ठाऊक. त्याने आमचा कॅमेरा उलटसुलट करून पाहिला.

"आँटी, हा बत्तीस जीबीच्या वर घेत नाय. दोन कार्डं घ्या. एक भरलं की दुसरं टाकायचं."

"दोन नकोत," परुळेकर म्हणाले. "कार्ड बदललं की मध्ये खंड पडला. खंडात काय झालं ते कोण सांगणार? एकच कार्ड."

"मग क्वालिटी कमी ठेवा, जास्त वेळ चालेल."

"हात कोणाचा वर आहे ते दिसायला हवं. क्वालिटी सगळ्यात वरची."

"मग अडीच तास धरून चाला," फ्लॉईड म्हणाला.

"आमची सभा अडीच तासांत संपते का कधी?" मी चिडून विचारलं.

"ते सेक्रेटरीच्या हातात असतं, वहिनी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी सोसायटीसाठी एक कार्ड निवडलं आणि तसंच आणखी एक स्वतःसाठी घेतलं. "घरगुती काम आहे," एवढंच म्हणाले. वर सभेच्या आदल्या दिवशी कॅमेरा मागून नेला. का, तर म्हणे चाचणी घेतो. तो दिवस माझा कसा गेला ते माझं मला माहीत. हा माणूस आत काही बिघडवून तर ठेवणार नाही? कॅमेरा परत आला तेव्हा मी प्रत्येक बटण दाबून पाहिलं. सगळं ठीक होतं, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. कॅमेऱ्यामागे मीच. बिल्डरची माणसं बोलली, चहा झाला, आणि मतदान घ्यायचं तर कोणीतरी पार्किंगचा विषय काढला. एकाला दोन गाड्यांची जागा हवी, दुसऱ्याकडे गाडीच नाही तरी जागा हवी. स्क्रीनवर उरलेली मिनिटं कमी कमी होत होती. "विषयावर या, विषयावर या," मी ओरडत होते. कोण ऐकतंय? शेवटी कार्डाची खूण लुकलुकायला लागली.

परुळेकर खुर्चीवरून उठून थेट माझ्याकडे आले. "काय झालं?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "भरत आलंय," मी म्हटलं. म्हणजे सभा पुन्हा बाद, पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख, आणि तोवर पाऊस.

ते कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. "मी हर्षवर्धन परुळेकर, फ्लॅट तीनशे दोन. कार्ड भरल्यामुळे ते माझ्या संमतीने बदलत आहोत. माझी हरकत नाही." मग शर्टाच्या खिशातून छोटी डबी काढून त्यांनी मला दिली. "हे घाला. जागा आहे त्यात. फक्त आधीचं पुसू नका, अजून कॉपी केलेलं नाही."

मी ते कार्ड आत सरकवलं. मतदान झालं. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कार्डं कॉपी करायला कॉम्प्युटरला लावली. परुळेकरांच्या कार्डावर पहिली फाईल सभेची नव्हती. त्यांच्या आई होत्या. आजींची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली. हाताने चाचपत त्या घर दाखवत होत्या. हे देवघर, ही तुझ्या बाबांची खुंटी, इथे तुझी उंची लिहायचे. नव्या जागी हातांना काही सापडायचं नाही, म्हणून मुलाने ते घर जपून ठेवायला घेतलं होतं. इतके दिवस ते का आडवे येत होते ते मला तेव्हा कळलं, आणि मला माझीच लाज वाटली.

मग बेडरूम आली. आजी भिंतीला पाठ घासत, अंग चोरून निघाल्या.

"आई, अशी कडेने का चालतेस? मधून ये ना, नीट दिसशील."

"मधून नको रे. तिथली फरशी पायाखाली हलते. खाली आर्या अभ्यासाला बसते, तिचं पाठांतर ऐकू येतं मला. तिच्या उशीवर छत पडलं म्हणतात. तेव्हापासून मी कडेनंच जाते."

कॅमेरा खाली झुकला. त्यानंतर बराच वेळ नुसती फरशी दिसत होती. पुढच्या फाईलमध्ये सभा होती. मी मतदानापर्यंत गेले. ठरावाच्या बाजूने परुळेकरांचा हात सगळ्यांत शेवटी वर आला होता.

संध्याकाळी कार्ड परत द्यायला मी वर गेले. आजी त्याच बेडरूममध्ये, खिडकीपाशी बसल्या होत्या. "कोण, विनया? ये, बस जवळ," त्या म्हणाल्या.

मी चपला काढल्या आणि भिंतीला धरून कडेकडेने त्यांच्यापर्यंत गेले.