तेरा अक्षरांचा शब्द

मी तात्यांचा इंग्रजी कोश बोलतोय. चामडी पाठीचा, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. जन्म विलायतेतला. तिथलं शाईच्या वासापलीकडे काही आठवत नाही. पुढे बोटीतला प्रवास, मग फोर्टातलं पुस्तकांचं दुकान. तिथून तात्यांनी मला गिरगावच्या चाळीत आणलं, घोड्याच्या ट्राममधून, मांडीवर बसवून.

तात्या कचेरीतून आले की पागोटं खुंटीला आणि मी गॅलरीत. शेजारचे अप्पा येऊन बसत. मग खेळ सुरू. तात्या दोन इंग्रजी अक्षरं सांगायचे. ती दोन्ही ज्यात असतील असा लांबात लांब शब्द काढायचा. माझ्यात सापडला तर खरा, नाही तर बाद. न्यायाधीश मी. त्यामुळे थोडा चढलोही होतो.

तात्यांची एकुलती एक लेक दुर्गा दाराआड उभी राहून ऐकायची. एकदा अप्पांचा भाचा माधव आला होता. परळच्या एका गिरणीत नकाशे काढायचा. अक्षरं होती के आणि एफ. अप्पा म्हणाले, "ब्रेकफास्ट." माधवनं डोकं खाजवलं आणि हसून विचारलं, "दाराआड आहेत त्यांचा शब्द कुठला?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. आतून हळूच आवाज आला, "हँडकर्चिफ."

तात्यांची छाती फुगली. दुर्गाचे कान लाल झाले. ते का, हे मला ठाऊक होतं, तात्यांना नव्हतं.

पुढं दुर्गाला पंधरावं लागलं. चाळीतल्या बायका तिच्या आईला, रमाबाईंना, नळावर गाठून लग्नाचं विचारू लागल्या. तात्यांनी मात्र भलताच पण मांडला होता. जावई तोच, जो खेळात त्यांना हरवील. बरोबरी झाली तरी जीत तात्यांचीच. येणाऱ्या प्रत्येक स्थळाला ते हमखास क्यू आणि एक्स ही अक्षरं द्यायचे. एक वकिलीचा विद्यार्थी 'क्विक्झॉटिक' म्हणून बसला. त्याची आठ अक्षरं. तात्यांनी तेरा अक्षरांचा 'एक्स्क्विझिटनेस' त्याच्या डोक्यात घातला. एका डॉक्टरला तर काहीच सुचलं नाही.

"अहो, मुलीचं लग्न करायचंय की परीक्षा घ्यायचीय?" रमाबाई म्हणायच्या.

"परीक्षेशिवाय जावई कसला?"

स्थळ हात हलवत परत गेलं की तात्या शीळ घालत पान जमवायचे. लेक आणखी काही दिवस घरात राहणार, याचा तो आनंद होता. बोलून कोण दाखवतो!

आणि मग माधवचं स्थळ आलं.

त्या दुपारी तात्या घोरत होते. रमाबाईंनी वाटीत खळ आणली. दुर्गानं 'एक्स्क्विझिट' ज्या दोन पानांच्या आत होता ती शोधून काढली.

"आई, पाप नाही ना लागणार? विद्या आहे ही."

"दोन पानं तर चिकटवतेयस. लग्न जुळलं की मी त्याला हळदकुंकू वाहीन. लाव लवकर."

गार, चिकट बोट फिरलं. मला अशा गुदगुल्या झाल्या की मिटल्या मिटल्या हसू येत होतं.

संध्याकाळी माधव आणि अप्पा आले. क्यू आणि एक्स सांगून झालं. माधवनं विचार केला. "एक्सचेकर."

"नऊ!" तात्या मांडीवर थाप मारून ओरडले. "आणि माझा, एक्स्क्विझिटनेस. तेरा!"

त्यांनी मला उघडलं. बोट फिरत गेलं, एक्सप्रेस, एक्सप्रेशन, आणि एकदम एक्स्टेन्ड. तात्या मागे आले. पुन्हा पुढे गेले. मग एका पानावर अंगठा थबकला. पान जाड लागत होतं. त्यांनी अंगठा नाकाशी नेला. दाराकडे पाहिलं. तिथली बांगड्यांची किणकिण बंद झाली होती.

मी श्वास रोखला. एवढंच माझ्या हातात होतं.

तात्यांनी अंगठा धोतराला पुसला. मग त्यांनी मला मिटलं.

"नाही बुवा. माझ्या कोशात नाही हा शब्द."

"नीट बघा की," अप्पा म्हणाले.

"बघितलं. नियम म्हणजे नियम."

माधव बिचारा सरळ. "पण तात्यासाहेब, शब्द आहे. मी स्वतः वाचलाय..."

"तुम्हाला मुलगी हवीय की शब्द?" तात्या खेकसले.

माधव चटकन म्हणाला, "मुलगी."

आत रमाबाईंच्या हातून साखरेचा डबा पडला.

सासरी जाताना दुर्गाच्या ट्रंकेत तात्यांनी मला स्वतः ठेवलं. "हा घेऊन जा. माझ्याकडे राहून खोटं बोलायला शिकलाय," म्हणाले, आणि खोकल्याचं निमित्त करून गॅलरीत गेले.

आता मी परळला असतो. पाठ सैल झालीय, कोपरे कसरीनं खाल्लेत. माधव रोज दुर्गाकडून हरतो आणि मुकाट्यानं चहाला आधण ठेवतो. रविवारी तात्या येतात. दुर्गानं अक्षरं दिली की कपाळाला हात लावून बसतात. शब्द आठवत नाही म्हणतात, जरा थांब म्हणतात, जेवण झाल्यावर सांगतो म्हणतात.

माझी एकच विनंती आहे. मला उघडताना बोटाला थुंकी लावू नका, कागद जुना झालाय. आणि तात्यांसारखं कुणी शब्द शोधत बसलं असेल, तर उत्तर सांगून टाकू नका. लेकीच्या घरी दिवे लागेपर्यंत बसायला त्यांना काहीतरी निमित्त हवं असतं.