भरून न येणारी हानी

चेंडू गोलच्या दांडीवरून गेला, पलीकडच्या गच्चीवर काहीतरी खळ्ळकन फुटलं, आणि मैदानावरच्या सगळ्यांनी सयाजीकडे बघितलं.

सयाजीनं शर्टाचं वरचं बटण लावलं.

चिंचगल्ली तालमीच्या फुटबॉल संघात हेच त्याचं काम होतं. तरुणपणी तो राखीव खेळाडू होता आणि राखीवच राहिला. पुढे शिरोलीच्या फौंड्रीतून निवृत्त झाला. मैदानावरून निवृत्त व्हायला आधी खेळावं लागतं, म्हणून ते राहून गेलं. मात्र कुणाची काच फुटली, कुंडी फुटली, चेंडू कुणाच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत पडला, की माफी मागायला तोच जायचा. पेठेतले सगळे उंबरे त्याच्या ओळखीचे होते, पण बाहेरून. माफी मागायला आलेल्याला चहा कोण विचारतो?

आजचा उंबरा अक्काताईंचा होता. पोरांचं मैदान म्हणजे त्यांच्याच घरामागचा मोकळा प्लॉट.

"अक्का, चुकलं पोरांचं..."

"थांब सयाजी. सोलरच्या नळ्या गेल्या. तू फोडलास?"

"न्हाय."

"मग तू का माफी मागतोस? दर डावाला मान खाली घालून हुबा ऱ्हातोस, मला तुझीच दया येती, आणि फोडणारं ऱ्हातंय बाजूला. आता तालमीनं म्हणायचं, आम्ही फोडलं, आम्ही भरतो. चारचौघांत म्हणायचं! न्हायतर ऋषभ कवापास्नं सांगतोय कुंपण घाल म्हणून. घालीनच मी कुंपण."

ऋषभ हा त्यांचा मुलगा, पुण्यात वकील. कुंपणाचा सल्ला तो फोनवरून द्यायचा. प्रत्यक्ष यायला त्याला सवड नव्हती.

तालीम मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष अमरसिंह, म्हणजे पेठेत सर्वात जास्त वेळा छापला गेलेला चेहरा, म्हणाला, "मामा, कायदा बघा. मंडळ रजिस्टर हाय का? न्हाय. म्हंजे कायद्यानं मंडळच न्हाय. जे न्हायच, ते फोडंल कसं?"

"मग गेल्या साली कप कुणी आणला?" सयाजीनं विचारलं.

"मंडळानं की!"

"बरं हाय. कप आला की मंडळ हाय, काच फुटली की न्हाय. कुंपण पडल्यावर काय तालमीच्या माडीवर खेळणार? अक्का एवढंच म्हणती, चारचौघांत कबूल करा."

'चारचौघांत' ऐकल्यावर अमरसिंहचा चेहरा उजळला. "आधी सांगायचं न्हाय व्हय मामा? डिजिटल लावू!"

पेठेत वाढदिवस, निवड, नवी गाडी, जुनी म्हैस, सगळं फ्लेक्सच्या बोर्डावर जातं आणि त्या बोर्डाला डिजिटल म्हणतात. सकाळी चौकात तो उभा होता. मधोमध अक्काताई, पांढरं पातळ, हात जोडलेले. फोटो पर्युषणातल्या मिरवणुकीतला. वर 'आदरणीय अक्काताई' आणि खाली 'झालेली हानी कधीही भरून न येणारी आहे'. 'दिलगीर' हा शब्द अमरसिंहला आठवला नव्हता. 'हानी' आठवला, आणि त्याच्या पुढचं आपोआप आलं. 'शोकाकुल' मात्र छापणाऱ्यानं सवयीनं घातलं होतं. त्याच्याखाली अकरा खेळाडू, गॉगल घालून.

शेजारच्या धोंडुबाई हार घेऊन आल्या. दार अक्काताईंनीच उघडलं.

"अगं बया! तू हायस की!"

"माझ्या घरात मी नसंन तर कोण असंल?"

"चौकात तर तू गेलीस!"

दुपारपर्यंत निम्मी पेठ येऊन गेली. आपण किती चांगल्या होतो हे अक्काताईंना पहिल्यांदाच कळलं. दोघा-तिघांना त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

मग ऋषभ आला. कुणीतरी त्याला बोर्डाचा फोटो पाठवला होता. आईला एक फोन करून बघावा हे त्याला सुचलं नाही. सवय नव्हती. गाडीचं दार उघडंच टाकून तो धावत आला, तर आई पायरीवर घेवडा निवडत बसलेली. तो तिथंच मटकन बसला.

"जेवलास?" अक्काताईंनी विचारलं.

जेवल्यावर तो पुन्हा वकील झाला. अमरसिंहला आणि सयाजीला पायरीपाशी बोलावून घेतलं. हाराचं काय करायचं ते ठरत नसल्यानं धोंडुबाई अजून तिथंच होत्या.

"ही सरळ बदनामी आहे," ऋषभ म्हणाला.

"ते ऱ्हाऊ दे," अक्काताई म्हणाल्या. "भरून न येणारी हानी, म्हंजे हे भरणार न्हाईत, असंच लिवलंय न्हवं रे?"

"तेच विचारतो. नळ्यांना जबाबदार कोण?"

अमरसिंह फरशी बघायला लागला. "तसं मंडळ रजिस्टर..."

सयाजीनं वरचं बटण लावलं. "मी. लिवून घ्या."

"तुम्ही चेंडू मारलात?"

"उभ्या जन्मात मारला न्हाय. पर मंडळात हाय मी. कप आला तवा बी फोटोत हुतो, कडंला. अर्धाच आलोय, पर हाय."

अमरसिंहनं गॉगल काढून खिशात ठेवला. "मामा, तुम्ही गप ऱ्हावा. मंडळानं फोडलं. मंडळ भरतंय."

अक्काताईंनी एकेकाकडे बोट केलं. ऋषभ, धोंडुबाई, सयाजी, अमरसिंह. "झाली चारचौघं. कुंपण नको."

"आई, अगं..."

"मी बोलवून तू येत न्हाईस. ह्येंनी आणला का न्हाय तुला?"

नळ्या आल्या. त्या डिजिटलपेक्षा स्वस्त निघाल्या, पण हे कुणी अमरसिंहला सांगितलं नाही. बोर्ड अक्काताईंनी ठेवून घेतला. एवढं दणकट कापड कोण टाकतो? पोरांकडून तो गच्चीवर, सोलरच्या पुढं, मैदानाकडे तोंड करून ताणून बांधून घेतला. आता उंच गेलेला चेंडू हात जोडलेल्या अक्काताईंवर थडकतो आणि खाली येतो. मारणारा आधी कान पकडतो.

फुटणं बंद झालं. सयाजी रोज येतो आणि गोलमागच्या दगडावर बसतो. वरचं बटण उघडंच असतं.

परवा चेंडू असाच वर गेला. धप्प आवाज झाला, काही फुटलं नाही. तरी सवयीनं सगळ्यांनी सयाजीकडे बघितलं. त्यानंही सवयीनं बटण लावलं, मग लक्षात आलं तसं हळूच काढलं.

बोर्डाच्या कडेनं खऱ्या अक्काताई डोकावल्या.

"सयाजी! काय बी फुटलं न्हाय. तरी बी ये. चहा टाकलाय. आत ये."

सयाजी उठला, पॅंटची माती झटकली आणि काढलेलं बटण परत लावलं.