राक्षसाची शिंक

राक्षसाच्या पोटात आपला मामा आहे, हे ठमीला ठाऊक होते. तिने ते बाकीच्या दोन्ही बालकलाकारांनाही सांगून टाकले होते. म्हणून तळघराच्या सेटवर, अंधाराची घडी उलगडत तो रबरी राक्षस पुढे सरकला, की किंकाळीऐवजी हसूच फुटायचे.

दिग्दर्शक वैतागले. "आता पोरं घाबरली नाहीत, तर राक्षस बदलू."

मामाला पहिल्यांदाच एवढे मोठे काम मिळाले होते. मुखवटा मांडीवर घेऊन तो खिन्न बसला. "ठमे, मामासाठी जरा घाबर की गं!"

"मामा, तुझे गुडघे कटकट वाजतात. कसं घाबरू?"

राक्षसाच्या जबड्यात लाळेची पिशवी होती. पिठाच्या खळीत हिरवा रंग कालवून केलेली ती लाळ, मुठीतली कळ दाबली की थेंबथेंब गळे. मामा पाणी प्यायला गेला, तेव्हा ठमीने मुखवट्याच्या नाकात मेकअपची चिमूटभर पावडर भुरभुरली.

कॅमेरा सुरू झाला. राक्षस वाकला, थबकला, थरथरला आणि शिंकला. कळ करकचून दाबली गेली. गार, हिरवी लाळ तिन्ही पोरांच्या तोंडावर फस्सकन उडाली आणि तळघर खऱ्याखुऱ्या किंकाळ्यांनी दुमदुमले.

"ओके! हाच राक्षस हवा!" दिग्दर्शक आनंदाने ओरडले.

मुखवटा काढून मामाने नाक पुसले. "ठमे, ही पावडर कुणाची करामत?"

ठमीने हिरव्यागार चेहऱ्यावरचे डोळे असे विस्फारले, जणू पावडर हा शब्दच ती प्रथम ऐकत होती. दिवसभरातला तिचा हा सर्वांत अस्सल अभिनय कॅमेऱ्यात मात्र आला नाही.