ठिपक्याची बाजू

माझ्या दिराला कुणी मारलं ते सगळ्या मंगळवार पेठेला पाठ हाय. पाण्याच्या चावीवर जावा, दळपाला जावा, कुणीतरी हळूच म्हणतंयच, "थोरल्या भावानंच घालवला की वो त्याला." ऐकून ऐकून माझं कान किटलं. आता सासू न्हाय, मालक बी न्हाईत. माझ्या तोंडाला कुलूप घालणारं कुणी उरलं न्हाय, तवा आज सांगतोच. आन् आधीच सांगून ठेवतो, आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतो. पुण्याच्या पावण्यास्नी हसू येतंय. येऊ दे.

दीर माझा पिराजी. नाव जुनं, पर पोरगं नव्या जमान्याचं. कानावर केस, खाली घेरदार पँट. गणपतरावांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, गायचा बी, आन् पोस्टरवर नाव 'पी. राज'. मी चिडवायचो, "भावजी, भाकरी पी. राजला वाढू का पिराजीला?" तर म्हणायचा, "वैनी, राजला एक वाढा, पिराजीला तीन." मी लग्न करून आलो तवा ते शाळेत जात हुतं. माझ्याच हातचं खाऊन वाढलं. सासूचं तर काळीजच ते. मामंजी गावाकडं शेतावर असायचं, हिकडं पेठेत म्हशी सासू बघायची, आन् म्हशीनंतर तिला काय दिसत असंल तर पिराजी.

गिटारीला आपसूक कसला आलाय आवाज? ती मशीनला जोडायला लागते. भाड्याच्या कर्ण्याच्या मशीनला जोडली की डबड्यात माशी कोंडल्यागत वाजायची. गणपतराव तोंडानं फाटकं माणूस. चारचौघांत म्हणालं, "पिराजी, नवरात्राला स्वतःचा अँप्लिफायर घेऊन ये. न्हायतर मिरजेचं एक पोरगं तयार हाय, गिटार बी त्याची आन् मशीन बी त्याची." त्या दिवशी पोरगं जेवलं न्हाय. भिताडाकडं तोंड करून पडलं.

आमचं मालक, सयाजी, रेडिओच्या दुकानात कामाला. मुका रेडिओ त्यांच्या हातात दिला की बोलायला लागायचा. म्हणालं, "उठ, जेव. विकतचं आपल्याला झेपत न्हाय, घरात करू."

आन् केला की वो! मोडीत आलेला एक रेडिओ दुकानदाराकडनं मागून आणला. त्यातलं काचेचं व्हॉल्व काढलं, पत्रा ठोकून ठोकून बैठक केली, एक एक वायर हातानं डाग देऊन जोडली. माजघरात डाग द्यायच्या राळेचा धूर भरायचा आन् मी खोकत भाकऱ्या थापायचो. सुताराकडनं आंब्याच्या फळीचं खोकं आणलं, वरनं काळं रेक्झिन. पुढं जाळीला कापड पायजे म्हणालं, तर माझं इरकल लुगडं विरलंतं, त्याचा धड काठ कापून दिला. हिरव्या काठामागं स्पीकर. सासू कवतिकानं म्हणाली, "बना, हे तर नवरीगत नटलंय की."

पहिल्यांदा तार छेडली तवा मी पीठ मळत हुतो. हात तसाच राहिला. माशी न्हाय, डबडं न्हाय. कुणीतरी घशातनं, अगदी पोटातनं गायला लागलंय असा आवाज. आन् जोरात वाजवली की तो आवाज कडंला जरा फाटायचा, रडणाऱ्या माणसाचा फाटतो तसा. पिराजी हसत हुता आन् डोळ्यांतनं पाणी. मालकांनी तोंड फिरवलं. मला तर त्या दिवशी दोघांची दृष्टच काढावीशी वाटली.

पर त्यात एक खोट हुती. ती नीट ऐका.

त्या रेडिओला लाइट आडवणारा ट्रान्सफॉर्मर नव्हता, म्हणून आमच्या मशीनला बी नव्हता. तसलं रेडिओ तवा लई यायचं. भिताडातली लाइट सरळ आतल्या पत्र्यावर यायची. रेडिओला लाकडाचं खोकं असतंय, पत्र्याला कुणाचा हात लागत न्हाय. पर हितं त्याच पत्र्यावरनं वायर गिटारीला गेलेली, म्हणजे पत्र्याला जी लाइट ती गिटारीच्या तारंला. प्लग एका बाजूनं घातला की पत्रा थंड. उलटा घातला की पत्र्यावर, तारंवर सगळी लाइट. मालकांनी आम्हास्नी बसवून दाखवलं. प्लग उलटा घातला, टेस्टर तारंला टेकवला. टेस्टरातला दिवा भक्कन पेटला.

"बघितलास?" मालक म्हणालं. "हातात गिटार असताना दुसरा हात नळाला लागला, न्हायतर तोंड माइकला लागलं, की खलास. मी दिवाळीपतोर ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो. तवर थांब."

"दादा, दिवाळीला मिरजेचं पोरगं वाजवत असंल."

मालकांनी प्लग हातात फिरवून बघितला. मग त्याला खूण करू म्हणालं. घरात रंग कुठला? माझ्या करंड्यातलं मेण घेतलं, प्लगच्या एका बाजूला चिकटवलं आन् वर कुंकू दाबलं. लाल ठिपका. म्हणालं, "उद्या दुकानातनं ऑइलपेंट आणून पक्का करतो." ती उद्या काय आली न्हाय. नवरात्रात दुकानाला कर्ण्यांची कामं, मालक घरात टेकायचंच न्हाईत.

पिराजीकडनं मात्र रोज म्हणवून घ्यायचं. "काय करायचं?" पिराजी म्हणायचा, "आधी टेस्टर. ज्या भोकात दिवा लागतोय, त्या भोकात ठिपक्याची बाजू." पाढ्यागत पाठ.

खंडेनवमीच्या सकाळी मालक पहिल्या एस्टीनं कबनूरला गेलं. तिकडं कापडाच्या मागांच्या शेडांत पूजा असते, कर्णं लावायचं काम दुकानाकडं हुतं. जाताना उंबऱ्यातनं म्हणालं, "पिऱ्या, काय करायचं?" पिराजीनं पाढा म्हटला. "दादा, मी काय बारका हाय व्हय?" म्हणाला वर.

आमच्यात खंडेनवमीला घरातलं समदं हत्यार पुजतात. कोयता, विळा, खुरपं, मालकांची पक्कड, समदं. पूजा सासूचीच. पिराजी गाण्याच्या तालमीला गेलता, मी चुलीपुढं. सासूनं एक एक जिन्नस पुसला, ओळीनं मांडला, कुंकू लावलं. मी हात धुऊन आलो तवा अँप्लिफायरवर झेंडूचा हार हुता आन् सासू हात जोडून बसलीती. मी बी हात जोडलं.

दिवेलागणीनंतर पेठेतल्याच मंडळाच्या मांडवात कार्यक्रम. मी आन् सासू म्होरं सतरंजीवर. पिराजीला मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. बोर्डाजवळ वाकला, टेस्टर लावला. प्लग उजेडात धरून ठिपका बघितला. मग प्लग घातला. त्या लेकरानं सगळं सांगितलं तसंच केलं, ह्यात तिळाएवढी चूक न्हाय, आन् जो कोण "पोरगं धांदरट हुतं" म्हणंल त्याच्या तोंडात मी शेण घालीन.

पहिली नुसती गिटार झाली. पायात बूट, खाली लाकडाच्या फळ्या, म्हणून काय कळलं न्हाय. मांडव असा गप झालता की पोरं रडायची थांबली. गणपतराव पेटी बाजूला ठेवून ऐकत हुतं. सासू मला कोपरानं ढोसत म्हणाली, "माझा हाय त्यो." मग पिराजी गायला म्होरं आला. डावा हात तारांवर. हसला, आन् माइकला ओठ लावलं.

गाणं न्हाय आलं. एक घर्र आवाज आला आन् पिराजी माइकसकट आडवा झाला. लोकांस्नी वाटलं नखरा करतोय, टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या वो लोकांनी! गणपतरावांनी मेन बंद करा म्हणून बोंब मारली. अंधारात मी फळ्यांवर चढलो तवा ते अंग मऊ हुतं, आन् जीव नव्हता.

मालक कबनूरहून आलं ते थेट दवाखान्यात. तिथनं घरी. कुणीतरी अँप्लिफायर आणून ओसरीत ठेवलाता, हारासकट. मालकांनी प्लग उचलला. उजेडात धरला. वास घेतला. मी जवळ गेलो. ठिपका हुता की. ताजा, लालभडक, ओल्या कुंकवाचा. पर त्याखाली मेण नव्हतं. मालकांनी प्लग उलटा केला. दुसऱ्या बाजूला नखानं खरवडलं, तर नखात मेणाचा तुकडा आला. आन् रॉकेलचा वास.

मला काय कळंना. मग आतनं सासूचा हंबरडा ऐकू आला. बायका धरून बसल्यात्या आन् ती छाती बडवत हुती. "आई अंबाबाई, काय कमी केलं गं मी तुझं? एक एक जिन्नस रॉकेलनं पुसला, त्यो वायरीचा प्लग बी सोडला न्हाय! लाल डाग चिकटून घाण झालाता, त्यो काढला, सोच्छ केला, नवं कुंकू लावलं माझ्या हातानं! तरी माझं लेकरू न्हेलंस?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. तसं बघणं देव कुणाला न दाखवो. मग अंगठ्यानं तो ठिपका पुसून टाकला, अंगठा सदऱ्याला पुसला आन् आत गेलं. सासूम्होरं उभं राहून म्हणालं, "आई, माझी चूक. वायर मी उलटी जोडलीती."

सासू रडायची थांबली. उठली, आन् समद्या बायकांम्होरं मालकांच्या थोबाडीत मारली. एक न्हाय, हात दुखंपतोर. "तू खाल्लास माझ्या पोराला!" मालक हललं न्हाईत. म्हणालं, "व्हय आई."

पिराजीचं दिवस झाल्यावर मालकांस्नी गोठ्यात गाठून मी भांडलो. "खरं सांगा सासूबाईंस्नी! न्हायतर मी सांगतो!"

"सांगून काय हुईल?" मालक म्हणालं. "पिराजी उठून येईल? आईला कळलं की तिनंच, तिच्याच हातानं... ती राहील व्हय जित्ती? आन् मी खोटं कुठं बोलतोय, बना? ऑइलपेंट कुणी लावला न्हाय? ट्रान्सफॉर्मर कुणी गुंडाळला न्हाय?" मग माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "तू बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

तवा गप बसलो. कसा बसलो माझं मला ठावं. सासू मालकांच्या हातचं पाणी घ्यायची न्हाय. पावणं आलं की त्यांच्यादेखत म्हणायची, "ह्यो माझा थोरला, धाकट्याला मारलेला." मालक म्हणायचं, "व्हय आई." खंडेनवमीला कोयता-विळा पुजायची आन् मालकांची पक्कड पायानं ओळीबाहेर सारायची. "व्हय आई." मला त्या 'व्हय'चा असा संताप यायचा की भांडी आपटून आपटून माझ्या पातेल्यांस्नी पोचं पडलं. अँप्लिफायर मालकांनी मोडीत घातला. लुगड्याचा काठ तेवढा मी काढून घेतला. परत घरात रेडिओ लागला न्हाय, आन् दुकानात मालकांस्नी दुसऱ्याचा लावावा लागला तर नीट झालाय एवढं बघून लगीच बंद करायचं.

अशी वर्सं गेली. सासू आंथरुणाला खिळली, डोळ्यांस्नी दिसायचं गेलं. तिच्या शेवटच्या खंडेनवमीला मला म्हणाली, "बना, सयाजीला बोलीव. त्याची हत्यारं घेऊन ये म्हणावं. आन् कुंकू आण."

मालक आलं. त्यांचं बी केस पांढरं झालतं. सासूनं पक्कड हातात घेतली, चाचपून पदरानं पुसली, बोटानं कुंकू लावलं. मग टेस्टर. त्याला बी लावलं. निम्मं कुंकू आंथरुणावर सांडलं.

"लई छळलं मी तुला," म्हणाली. "माणूस हाय, चूक हुतीया. मी आता जायाची. जायाच्या आधी सांगतो, माफ केलं तुला. पिराजीला बी सांगीन, दादाला माफ कर म्हणून."

माफ केलं! पदराचा बोळा तोंडात कोंबला, म्हणून खरं काय ते बाहेर पडलं न्हाय.

मालकांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणालं, "व्हय आई. लई उपकार झालं."

सासूनं चाचपत त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवला. पांढऱ्या केसांत कुंकू लागलं. ती झोपल्यावर मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेलो, तर मालकांनी माझा हात धरला.

"असू दे," म्हणालं.