कोरडं कपाळ

संजीव पुजारी गावचा पात्री. त्याच्या अंगात जुमादी देवी यायची, ती आधी कपाळावर दिसायची. ढोल सुरू झाले की घाम फुटायचा, मग हातातला सुपारीचा तुरा थरथरायचा आणि गाव हात जोडायचं. गेल्या उत्सवात वाजवून वाजवून ढोलवाले दमले, पण याचं कपाळ कोरडंच. "देवी रुसली पात्र्यावर," लोक म्हणाले. संजीवनंही तेच धरलं. त्याचं वाईटसुद्धा वाटेना, याचं मात्र त्याला नवल वाटलं.

चुलीपुढे बसून घाम नाही, दोन घासांत पोट गच्च, उठला की भिंत धरतो. हे सगळं बायकोनं, जलजानं, पाहिलं आणि त्याला ओढतच उडुपीला नेलं.

"साखर जुनी आहे तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाम, पोट, छातीचे ठोके हे ज्या नसा आपोआप सांभाळतात, त्या खराब झाल्यात. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, ते वर चढवायला कुणी नाही. झटकन उठायचं नाही. उपास बंद. चक्कर आली तर आडवं करून पाय वर ठेवायचे."

"म्हणजे जुमादी गेली नाही?"

"ते माझ्या पुस्तकात नाही हो."

वाटेत जलजा म्हणाली, "यंदा तुरा दुसऱ्या कुणाला द्या."

"देतो की. मग मी कोण?"



उत्सवाला तो उपाशीच चौरंगावर बसला. ढोल चढले की पात्र्यानं एका झटक्यात उभं राहायचं, ही रीत. तो उठला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि धाडकन कोसळला.

"आली! जुमादी आली!"

देवी अंगात असताना माणसाला शिवायचं नसतं. सगळे हात जोडून मागे सरले. शहाणेच सगळे, जीव जाईपर्यंत जोडून उभे राहिले असते! संजीवला हे लांबून ऐकू येत होतं. कुणी शिवत नाही तोवर आपण पात्री आहोत, एवढं कळत होतं. भीती वाटत नव्हती. आनंदही नव्हता.

मग बांगड्या वाजल्या. जलजानं त्याचे पाय उचलून चौरंगावर ठेवले होते. बधिर तळव्यांना तिचे हात कळलेच नाहीत.

"अगं, शिवू नकोस!" कुणीतरी ओरडलं.

हळूहळू अंधारी ओसरली. ती उशाशी येऊन बसली होती.

"घाम आलाय का गं?" त्यानं विचारलं.

जलजानं त्याच्या कोरड्या ठणठणीत कपाळावरून पदर फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आलाय हो. पदर भिजला माझा."